आसवनीच्या एथेनॉल टँकर भरणा शेडमध्ये फ्लेम डिटेक्टर: जागा, जोडणी आणि सेटिंग

ऊसपट्टा:

दक्षिण महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत मी उपकरण विभाग सांभाळतो. एथेनॉलचे टँकर जेथे भरले जातात त्या शेडसाठी आमच्याकडे चार फ्लेम डिटेक्टर, म्हणजे ज्वाला ओळखून इशारा देणारी उपकरणे, आले आहेत. ते तीन पट्ट्यांच्या इन्फ्रारेडचे, म्हणजे बोलीभाषेत ट्रिपल आयआर, आहेत. शेड अंदाजे २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असून तिच्यात दोन टँकर शेजारी शेजारी उभे राहतात. छताची कड सात मीटरवर आहे. पश्चिमेची बाजू पूर्ण उघडी असून तिकडे रस्ता, वजनकाटा आणि त्यापलीकडे बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग आहे. नियंत्रण कक्ष केबलच्या मार्गाने मोजला तर ५०० मीटर दूर पडतो.

पुरवठादाराच्या आराखड्यात चारही डिटेक्टर चार कोपऱ्यांतील खांबांवर, तीन मीटर उंचीवर, सरळ समोर पाहणारे दाखवले आहेत. संवेदनशीलता सर्वांत वरच्या पायरीवर ठेवण्याची शिफारस आहे, कारण "६५ मीटरपर्यंत दिसते". मला हा आराखडा पटत नाही, पण नेमके कुठे बोट ठेवावे हे ठरत नाही. जोडणी रिलेने (चालू-बंद संपर्काने) करावी की ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाह-संकेताने, आणि डिटेक्टरच्या इशाऱ्यावर फोमचा व्हॉल्व्ह आपोआप उघडू द्यावा की नाही, हेही जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. वरिष्ठांचा प्रश्न मात्र एकच आहे: कॅमेरे असताना हा खर्च कशाला?

लोटेकर:

वरिष्ठांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे. एथेनॉल जळताना काजळी जवळजवळ होत नाही, त्यामुळे धूर नसतो आणि ज्योत फिकट निळसर असते. दुपारच्या उन्हात ती कॅमेऱ्याला सोडाच, शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दिसेलच असे नाही. पुष्कळदा हवेतील थरथर आणि अंगाला लागणारी धग यांवरूनच ती कळते. ट्रिपल आयआर डिटेक्टर मात्र डोळ्याला दिसणारा प्रकाश पाहतच नाही. कार्बन असलेले इंधन जळाले की तयार होणारा तप्त कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या आसपास ठळक किरणोत्सर्ग करतो, आणि डिटेक्टरचा मुख्य संवेदक तोच पट्टा पाहतो. उरलेले दोन संवेदक त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे पट्टे पाहतात. तापलेला सायलेन्सर किंवा इंजिन तिन्ही पट्ट्यांत एकाच चढउताराने दिसते. ज्वाला तशी दिसत नाही, आणि शिवाय ती लुकलुकते. तिन्ही संकेतांचे परस्परांशी असलेले प्रमाण आणि त्यांचा लुकलुकाट या दोन्ही कसोट्या उतरल्या तरच उपकरण आग मानते.

आता त्या ६५ मीटरविषयी. हा आकडा एक चौरस फूट परातीत जळणाऱ्या एन-हेप्टेनचा (चाचणीच्या प्रमाण इंधनाचा), डिटेक्टरच्या नेमक्या समोर, स्वच्छ काचेतून आणि मोकळ्या हवेत मोजलेला असतो. तुमच्याकडे हेप्टेन नाही. उपकरणासोबतच्या पुस्तिकेत इंधनागणिक अंतरांचा तक्ता असतो. त्यात एथेनॉलची ओळ पाहा. अल्कोहोलसाठीचे अंतर हेप्टेनपेक्षा स्पष्टपणे कमी दिलेले आढळेल. दुसरे असे की कोन जसा अक्षापासून बाजूला सरकतो तसे अंतर घटत जाते, आणि ज्याला आपण दृष्टिक्षेत्राची कड म्हणतो तेथे ते समोरच्या अंतराच्या निम्म्यावर आलेले असते. तिसरे, अंतर दुप्पट झाले की तेवढाच इशारा मिळण्यासाठी आगीचे क्षेत्रफळ चौपट लागते.

हा तिसरा नियम उलट बाजूनेही लागू होतो, आणि पुरवठादार नेमके तेच विसरले आहेत. ६५ मीटरच्या पायरीवर ठेवलेला डिटेक्टर २० मीटरवर चौरस फुटाच्या दहाव्या हिश्श्याहून लहान, म्हणजे तळहाताएवढ्या ज्वालेलाही उठेल. तीन मीटर उंचीवरून सरळ पश्चिमेकडे पाहणाऱ्या उपकरणाच्या दृष्टीत तुमचा रस्ता, वजनकाट्यावर थांबलेल्या चालकांचे स्टोव्ह आणि थंडीच्या पहाटे पेटवलेल्या शेकोट्या हे सगळे येते. त्या खऱ्याच ज्वाला आहेत, म्हणून उपकरणाला दोष देता येणार नाही. दोष त्याला नको ते दाखवण्यात आहे.

म्हणून उंची वाढवा आणि तोंड खाली करा. छताच्या कडेखाली साडेसहा मीटरवर, कोपऱ्यातून शेडच्या कर्णाच्या दिशेने आणि ४० ते ४५ अंश खाली. ज्याचे दृष्टिक्षेत्र ९० अंशांचे आहे असा डिटेक्टर ४५ अंश खाली झुकवला की त्याच्या शंकूची वरची कड क्षितिजसमांतर होते आणि खालची कड थेट खांबाच्या पायथ्याशी येते. आकाश आणि मावळता सूर्य त्यामुळे शंकूबाहेर जातात. रस्ता कर्णाच्या टोकाला अजून येऊ शकेल, पण दूर आणि कडेला, म्हणजे जेथे अंतर निम्मे झालेले असते तेथे.

चारही कोपरे असे वापरले तर २० बाय १२ च्या शेडमध्ये जमिनीवरचा कोणताही बिंदू किमान दोन डिटेक्टरांपासून तिरक्या अंतराने सुमारे १५ मीटरच्या आत येतो. कडेला अंतर निम्मे होते हे धरले, तर एथेनॉलसाठी समोरून ३० मीटरच्या आसपास अंतर देणारी पायरी निवडायला हवी. तुमच्या पुस्तिकेतील तक्त्यानुसार ती बहुधा हेप्टेनच्या ४५ मीटरच्या पायरीजवळ येईल. वरची पायरी लागत नाही आणि सर्वांत खालची पुरत नाही.

एक गोष्ट आराखड्यावर कोणी पाहत नाही, ती म्हणजे जमिनीचा उतार. सांडलेले एथेनॉल टँकरखाली थांबत नाही, उताराने गटाराकडे वाहते. वरून पाहणाऱ्या डिटेक्टरला टँकरच्या पोटाखालचे दिसणार नाही, पण त्या गटाराची संपूर्ण लांबी दोन डिटेक्टरांना दिसलीच पाहिजे. दोन्ही टँकर उभे करूनच रेषा तपासा. रिकाम्या शेडमध्ये सगळेच दिसते.

सोहारकर:

मी ओमानमध्ये तेल शुद्धीकरणाच्या क्षेत्रात आहे. लोटेकर यांच्या मांडणीशी सहमत असून दोन मुद्दे जोडतो.

सूर्याविषयी सर्वसाधारण भीती खोट्या इशाऱ्याची असते. ट्रिपल आयआरच्या बाबतीत ती बरीचशी अनाठायी आहे, कारण ४.३ मायक्रॉनचा सूर्यप्रकाश वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वाटेतच शोषून घेतो. खरा तोटा वेगळा आहे. तीव्र ऊन किंवा मोठी तप्त वस्तू सतत दृष्टीत असली की उपकरण गप्प राहते, पण खऱ्या आगीसाठीचे त्याचे अंतरही घटते, आणि ही घट कोणत्याही दिव्यावर दिसत नाही. प्रमाणित उपकरणांच्या पुस्तिकेत ऊन, वेल्डिंग, हॅलोजन दिवे आणि हीटर यांच्या सान्निध्यात आग किती अंतरावरून ओळखली गेली याचा स्वतंत्र तक्ता असतो. खरेदीच्या वेळी पहिल्या पानावरच्या आकड्याऐवजी तो तक्ता वाचावा.

दुसरा मुद्दा तुमच्या शेडचा नाही, पण हा धागा वाचून कोणी दुसरीकडे तीच खरेदी करेल म्हणून लिहितो. हायड्रोजनच्या ज्वालेत कार्बनच नसल्यामुळे ४.३ मायक्रॉनवर पाहणाऱ्या नेहमीच्या डिटेक्टरला ती दिसत नाही. तेथे पाण्याच्या वाफेचे पट्टे पाहणारे खास उपकरण किंवा अल्ट्राव्हायोलेटचा समावेश असलेले उपकरण लागते. अल्ट्राव्हायोलेट उपकरणे वेगवान असतात, पण वेल्डिंगच्या ठिणगीला आणि आकाशातील विजेच्या लखलखाटाला फसतात आणि काचेवर तेलाचा पातळ थर बसला तरी आंधळी होतात.

तंत्रनिकेतन_सांगली:

विद्यार्थिनीची शंका आहे, क्षमस्व. बसवल्यानंतर लायटर पेटवून तपासले तर चालत नाही का? आमच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या काचेपलीकडून स्पिरिटचा दिवा दाखवला असता डिटेक्टरने काहीच प्रतिसाद दिला नाही, ते का?

लोटेकर:

क्षमा मागण्याचे कारण नाही. साधी काच ४.३ मायक्रॉनचे किरण अडवते. डोळ्यांना ज्योत दिसते, डिटेक्टरला भिंत दिसते. म्हणून या उपकरणांच्या खिडक्या सफायरच्या (कृत्रिम नीलम स्फटिकाच्या) असतात, आणि "पावसापासून संरक्षण" म्हणून त्यांच्यापुढे काच किंवा ॲक्रिलिक बसवणे म्हणजे उपकरण बंद करणेच होय. लायटर मात्र एथेनॉलच्या शेडमध्ये नेण्याचाही विचार करू नये. एथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटते तो, सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडे वर्षातील बहुतेक वेळ त्याची पेट घेण्याजोगी वाफ तयारच असते. तपासणीसाठी उत्पादकाचा ज्वाला-सिम्युलेटर मिळतो, तो स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित असतो आणि त्या मॉडेलला अपेक्षित असलेले पट्टे व लुकलुकाट तो तयार करतो. एका कंपनीचा सिम्युलेटर दुसऱ्या कंपनीच्या डिटेक्टरवर चालेल असे गृहीत धरू नये.

कंट्रोल_रूम:

जोडणीच्या प्रश्नाला हात घालतो. सुरुवात विजेच्या दाबापासून करू, कारण ५०० मीटर हे अंतर लहान नाही.

अशा डिटेक्टरांना साधारणतः १८ ते ३२ व्होल्ट डीसी लागते. काचेवरचे धुके घालवणारा हीटर आणि रिले दोन्ही चालू असताना प्रत्येकी १५० मिलिअँपिअर धरा, म्हणजे चौघांचे ०.६ अँपिअर. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो. जाऊन-येऊन एक किलोमीटर म्हणजे १२.१ ओहम, आणि दाबातील घट ७.३ व्होल्ट. २४ व्होल्टमधून टोकाला १६.७ उरतात, म्हणजे उपकरणे बंद. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर घट ४.४ व्होल्टवर येते आणि टोकाला १९.६ मिळतात, म्हणून बहुतेक जण येथेच थांबतात. पण वीज गेल्यावर बॅटरीवर चालताना पॅनेलचा दाब २१.६ पर्यंत उतरतो, आणि मग टोकाला १७.२ च उरतात. ज्या क्षणी कारखान्यात आग लागून वीज तोडली जाते, त्याच क्षणी डिटेक्टर मरतात. चार चौरस मिलिमीटरच्या तारेने घट २.८ व्होल्ट होते आणि बॅटरीवरही १८.८ मिळतात, उन्हाने केबल ६० अंशांपर्यंत तापली तरी हिशेब १८.४ च्या आसपास टिकतो. एवढी जाड तार डिटेक्टरच्या टर्मिनलमध्ये बसत नसेल तर शेडजवळ फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू न देणारा) जंक्शन बॉक्स घेऊन तेथून पातळ तारांच्या शाखा काढाव्यात.

रिले की मिलिअँपिअर, यात माझे मत स्पष्टपणे मिलिअँपिअरच्या बाजूने आहे. प्रत्येक डिटेक्टरची स्वतंत्र जोडी पीएलसीत (यंत्रणा चालवणाऱ्या नियंत्रक संगणकात) आणली की कोणाला आग दिसते, कोणाची काच मळली आणि कोणाची तार तुटली हे नियंत्रण कक्षातून वेगळे कळते. ४ म्हणजे सुस्थिती, २० म्हणजे आग आणि ४ च्या खाली दोष, एवढे बहुतेकांत समान असते. मधल्या पायऱ्या आणि दोषांचे नेमके आकडे उत्पादकागणिक बदलतात, तेव्हा पीएलसीत ते पुस्तिकेप्रमाणेच भरावेत. डिटेक्टर प्रवाह देणारा आहे की खेचणारा, हे पीएलसीच्या इनपुट कार्डाशी जुळवून घ्यावे. केबलची जाळी फक्त पॅनेलकडे अर्थ करावी.

रिलेच वापरायचे झाले तर एक सापळा सांगतो. आगीचा रिले एरवी उघडा असतो आणि दोषाचा रिले सुस्थितीत ऊर्जित राहून संपर्क मिटवून ठेवतो, म्हणजे वीज गेली तरी दोष दिसावा. एकाच जोडीवर अनेक डिटेक्टर घेताना दोषांचे संपर्क रांगेत मध्येमध्ये घातले, तर पहिल्याची काच मळून त्याचा संपर्क उघडताच पुढच्या सर्वांचा आगीचा इशाराही पॅनेलपर्यंत पोहोचत नाही. पॅनेलवर पिवळा दिवा लागतो आणि पलीकडे आग जळत राहते. दोषांचे सर्व संपर्क शेवटच्या आगीच्या संपर्कानंतर, टोकाच्या रेझिस्टरपाशीच आले पाहिजेत.

ऊसपट्टा:

सर्वांचे आभार. तक्ता पाहिला; एथेनॉलचे अंतर हेप्टेनच्या दोन-तृतीयांशाहून थोडे कमी दिले आहे, म्हणजे लोटेकर यांचा ४५ मीटरच्या पायरीचा अंदाज जवळ येतो. आता ज्वाला दिसल्यापासून इशारा देईपर्यंतचा विलंब किती ठेवावा? गाळप हंगाम संपला की शेडच्या आसपास महिनोन्महिने वेल्डिंग चालते, आणि अशा काळात यंत्रणा बायपास करून ठेवण्याची पद्धत इतरत्र पाहिली आहे. दहा सेकंदांचा विलंब दिला तर बायपासची गरजच पडणार नाही, असे आमच्या एका सहकाऱ्याचे मत आहे.

निवृत्त_अग्निशामक:

दहा सेकंद मला अमान्य आहेत. टँकर भरताना पंप मिनिटाला शेकडो लिटर ढकलत असतो. नळी निसटून पेट घेतला तर दहा सेकंदांत जळणारे क्षेत्र किती वाढेल याचा विचार करा. विलंब तीन ते पाच सेकंदांचाच असावा.

फोमच्या प्रश्नात मात्र दोन कृती वेगळ्या करायला हव्यात. कोणत्याही एका डिटेक्टरने आग सांगितली की भोंगा वाजावा, भरणा पंप थांबावा आणि भरणा नळीवरचा व्हॉल्व्ह बंद व्हावा. इशारा खोटा निघाला तरी नुकसान काही मिनिटांचे आहे. फोम मात्र किमान दोन डिटेक्टरांनी एकाच वेळी आग सांगितल्यावरच सुटावा. लोटेकर यांनी प्रत्येक बिंदू दोघांना दिसावा असा आग्रह धरला त्याचे महत्त्व येथे आहे. तसे नसेल तर दोघांच्या संमतीची अट म्हणजे फोम कधीच न सुटण्याची अट होते. एक डिटेक्टर दोषात असेल तर पीएलसीने त्याचे मत कसे मोजावे, हेही आधीच लिहून ठेवा. माझा सल्ला असा की दोषातील डिटेक्टर गणतीतून वगळावा आणि उरलेल्या तिघांपैकी दोघांची अट कायम ठेवावी.

फोम अल्कोहोलरोधी आहे ना, हे गोदामात जाऊन डब्यावर वाचा. पेट्रोलवर चालणारा साधा फोम एथेनॉलवर टिकत नाही, कारण अल्कोहोल फोममधील पाणी ओढून घेते आणि थर विरघळतो. डिटेक्टरने तीन सेकंदांत इशारा दिला आणि वरून चुकीचा फोम पडला, तर त्या तीन सेकंदांचा उपयोग काय?

टाक्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. पेट्रोलच्या टाकीत वरच्या पोकळीतील वाफ सहसा इतकी दाट असते की ती पेट घेत नाही. एथेनॉलचे तसे नाही. त्याची ज्वलनमर्यादा साधारण ३.३ ते १९ टक्के आहे, आणि १३ ते ४० अंश तापमानात स्थिर छताच्या टाकीतील वाफ नेमकी त्या मर्यादेत बसते. म्हणून टाक्यांच्या छतावरील श्वसन व्हॉल्व्ह आणि फ्लेम अरेस्टर (ज्वाला टाकीत शिरू न देणारे उपकरण) यांची देखभाल डिटेक्टरइतकीच गांभीर्याने व्हावी.

लोटेकर:

पाच सेकंदांना माझी हरकत नाही. वेल्डिंगवरचा उपाय विलंब नव्हे, परवाना पद्धत हाच आहे. काम ज्या डिटेक्टरच्या दृष्टीत असेल तेवढ्याच डिटेक्टरचे फोमसाठीचे मत परवान्याच्या मुदतीपुरते रोखावे, भोंगा चालूच ठेवावा, आणि परवाना बंद होताना बायपास काढल्याची सही घ्यावी. चारही डिटेक्टर एका कळीने बंद करता येतील अशी सोय पॅनेलवर ठेवूच नका. ठेवली की ती वापरली जाते.

तुमच्याकडचा मोठा शत्रू वेल्डिंग नसून बगॅसची धूळ आहे. ती हवेत तरंगते, पहाटेच्या दवाने काचेवर चिकटते आणि उन्हाने वाळून कवच होते. उपकरण ठरावीक वेळाने स्वतःचा किरण काचेतून आरपार पाठवून काच तपासते, आणि काच मळल्याचा दोष आला की लोक तो किरण परत पाठवणाऱ्या परावर्तकाची तार वाकवून तो दोष घालवतात. तसे करणाऱ्याला उपकरणाजवळ जाऊ देऊ नये. हंगामात काच आठवड्याला एकदा मऊ कापडाने आणि उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणाने पुसावी, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेड धुताना तोंडे वाचवावीत, आणि पुसण्यासाठी साडेसहा मीटरवर सुरक्षितपणे पोहोचता येईल असा जिना किंवा मचाण आताच बांधून घ्यावे. जेथे पोहोचता येत नाही ती काच कोणी पुसत नाही.

कार्यान्वित करताना सिम्युलेटर केवळ समोरून दाखवून थांबू नका. प्रत्येक डिटेक्टरसाठी समोर, दोन्ही कडांना आणि गटाराच्या रेषेवर असे चार बिंदू घ्या, आणि दोन्ही टँकर उभे असताना घ्या. सिम्युलेटरचा पल्ला कमी असतो, तेव्हा दूरच्या बिंदूंसाठी त्याच दिशेवर पण जवळ उभे राहावे लागेल. ही कोनाची तपासणी झाली, अंतराची नव्हे, हे नोंदवहीत तसेच लिहा. ब्रॅकेट घट्ट केल्यानंतर खांबावर आणि ब्रॅकेटवर रंगाने खूण करा, म्हणजे कोणाचा धक्का लागून तोंड फिरले तर खालूनच दिसेल.

ऊसपट्टा:

ठरवलेले लिहितो. चार कोपरे, साडेसहा मीटर, ४० अंशांपासून सुरुवात करून सिम्युलेटरने कोन पक्का करणार. एथेनॉलच्या तक्त्यानुसार हेप्टेनच्या ४५ मीटरची पायरी, पाच सेकंद विलंब, प्रत्येकाला स्वतंत्र मिलिअँपिअर जोडी, वीज चार चौरस मिलिमीटरच्या केबलने. एका डिटेक्टरवर पंप बंद, दोघांवर फोम. फोमचे डबे आज पाहिले, अल्कोहोलरोधीच आहेत. पुढच्या आठवड्यात सेटिंगच्या कळा बदलायला घेतो. त्या उपकरणाच्या आत आहेत.

कंट्रोल_रूम:

कळा आत असतील तर ते काम खांबावर चढवण्याआधी, कार्यशाळेतील बाकावर करा. फ्लेमप्रूफ आवरण शेडमध्ये वीज चालू असताना उघडायचे नाही, आणि झाकणाच्या आट्यांवर ओरखडा पडला तर आवरणाचे संरक्षण गेले असे समजायचे. केबल ग्लँड (केबल आवरणात शिरते तेथील घट्ट पकड) दुहेरी दाबाची आणि प्रमाणित घ्या, प्रवेश खालच्या बाजूने ठेवा, न वापरलेल्या छिद्रात प्लास्टिकची बुचे नकोत, प्रमाणित धातूची घाला. पेसोच्या (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेच्या) मान्यतेचा क्रमांक उपकरणाच्या पाटीवरच्या मॉडेलशी जुळतो का ते पाहा. आमच्याकडे एकदा प्रमाणपत्र एका मॉडेलचे आणि माल दुसऱ्याचा आला होता. आणि सिम्युलेटर दाखवण्यापूर्वी फोमचा व्हॉल्व्ह हाताने बंद करून त्याला कुलूप लावा, पण सोलेनॉइडची (विजेवर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वेटोळ्याची) तार काढू नका, म्हणजे इशारा थेट सोलेनॉइडपर्यंत पोहोचला की नाही हे मीटरवर तपासता येईल.